एकटीनं बुद्धगयेला

“अक्का, ही वळकटी कशाला बांधलीस गाडीला?”

ताडकळसच्या बाजारातून आलेल्या सत्यशीलानं भाजीची पिशवी उंबऱ्यातच टाकली. तिची थोरली बहीण धम्मशीला ओट्यावर बसून बूट काढत होती. तिनं वर पाहिलं आणि नुसती हसली.

“म्हंजे खूळ गेलंच न्हाई तुझ्या डोक्यातून.”

खूळ म्हणजे बुद्धगया. अशोक विजयादशमीला सगळे जमले, तेव्हा धम्मशीलानं सांगितलं होतं, मी स्कूटीवर बुद्धगयेला जाणार, एकटी. वय अठ्ठावन्न, शाळेतून नुकतीच रिटायर, नवरा सिद्धोधन जाऊन तीन वर्षं. घरात एकच कालवा उठला. थोरल्या भावानं, सूर्यभाननं, ताट सरकवून सांगितलं, मी जिता हाय तोवर न्हाई. त्यानंतर दोन महिने तिनं विषय काढला नव्हता. फोनवर ख्यालीखुशाली विचारायची, बास.

“बाराशे किलोमीटर हाय, अक्का!”

“साडेबाराशे.”

“किती दिवस मोडतील?”

“जायला नऊ. थांबत थांबत.”

“आन् ऱ्हायचं कुठं?”

“विहारात. न्हाईतर कुणाच्या घरी. मास्तरीण म्हणलं की लोक बाज टाकतात.”

“रानात गाडी बंद पडली तर?”

“ढकलायची.”

सत्यशीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं भाकरी-भरीत वाढलं, आणि बहीण जेवत असतानाच आत जाऊन भावाला फोन लावला. “दादा, अक्का निघाली बघा. मला आवरंना. तुमच्याकडं येऊन जाते म्हणायली.”

धम्मशीलानं ते ऐकलं. दुसरी भाकरी मागून घेतली.

पोखर्णीच्या फाट्यावर सूर्यभान उन्हात उभाच होता. तिनं गाडी थांबवली तशी त्यानं वाकून किल्ली काढली आणि खिशात घातली.

“सगळ्यांचा निरोप घ्यायलीस व्हय?”

“भेटायला आले, दादा.”

घरी वहिनीनं, सरजाबाईनं, पाणी दिलं. सूर्यभान पाण्यालाही थांबला नाही. “बाईमाणसानं एकटीनं मुलूख तुडवायचा? सिद्धोधन असते तर गोष्ट येगळी.”

“ते होते तवा पुढच्या वर्षी जाऊ म्हणायचे. एकोणतीस वर्षं म्हणले.”

“लोक काय म्हणतील?”

“लोक विचारतात, कुठून आलात बाई, च्या घेता का. नावं ठेवायला घरचेच लागतात.”

सरजाबाईनं तोंडाला पदर लावला. ती हसली की दचकली, कळलं नाही. सूर्यभान मात्र लाल झाला.

“किल्ली मिळणार न्हाई. गाडी इथंच ऱ्हाईल.”

“गाडी माझ्या पगाराची हाय, दादा.” धम्मशीला उठून उभी राहिली. आवाज चढला नव्हता, पण हात पुढं होता. “लहानपणी तुमी माझी पाटी घेतली होती, पोरीला कशाला म्हणून. तवा रडले होते. आता रडणार न्हाई. किल्ली द्या.”

सूर्यभाननं खिशातली किल्ली चाचपली. मग त्याचाच सूर उतरला. “माय गेल्यापासून तुमा दोघींचा घोर मलाच हाय ना. शब्द दे. इथून सरळ घरी जाशील.”

“सरळ घरीच जायलेय. गंगाखेडला पेट्रोल भरीन, बास.”

“खरं?”

“पंचशील घेतलेली बाई हाय मी. आजवर खोटं बोलले का तुमच्याशी?”

त्यानं किल्ली दिली. ती हेल्मेट बांधत होती तोवर त्याचा फोन सुरूही झाला होता. “सत्या, फिरवली बघ माघारी. माझा शब्द मोडत न्हाई ती.” धम्मशीलानं तोंडाशी आलेलं गिळलं आणि गाडी सुरू केली.

गंगाखेडला गोदावरीच्या पुलावर वारा लागला. राणीसावरगावात शिरली तेव्हा ऊन कलतं होतं. तिनं आपल्या घराचं कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या, वळकटी आत आणून टाकली. तेवढ्यात भावाचा फोन आला.

“पोचलीस?”

“पोचले, दादा. घरातूनच बोलायलेय.”

“शाणी माझी बहीण. ऐकलंस, लय बरं वाटलं. आता ते बुद्धगयेचं नाव काढू नको.”

“दादा,” ती म्हणाली, “बुद्धगयेहूनच आले की मी तुमच्याकडं.”