अख्खा हात

"पुन्हा दाबा," काचेपलीकडची मुलगी म्हणाली.

गवंड्याने चारही बोटं यंत्रावर दाबली. पुन्हा लाल दिवा लागला. शेजारच्या खिडकीवर त्याच्या बायकोचे आणि लेकीचे ठसे एका दमात उमटले होते. ज्याच्या जिवावर सगळे परदेशात निघाले होते, तोच अडकला होता.

"सिमेंटचं काम करता का?"

"बावीस वर्षं."

"त्यानंच बोटांच्या रेषा झिजल्यात. यंत्राला काही दिसतच नाही." तिचा आवाज मायेचा होता, पण नियम तिच्या हातात नव्हता. "आता महिन्याने शेवटचं बोलावता येईल. तोवर सिमेंटला हात लावू नका, बोटांना रोज मलम चोळा. तेव्हाही ठसे आले नाहीत तर व्हिसाचा अर्ज बाद होईल. तिघांचाही."

गवंडी "बरं" म्हणाला. दुसरं काय म्हणणार? भिंत वाकडी गेली तर पाडून पुन्हा बांधता येते. बोटांचं काय करायचं?

घरी परतले तर घरही अर्धंच उरलं होतं. लेकीचा शाळेचा दाखला काढून झाला होता. कपाट धाकट्या भावाकडे गेलं होतं, शिलाई मशीन शेजारणीकडे. तिकडची एक बांधकाम कंपनी कुशल गवंड्यांना बायकामुलांसकट कायमचं नेत होती आणि एजंटच्या यादीत याचं नाव सगळ्यात वर होतं.

"तुम्ही ठसे तेवढे आणा," एजंट फोनवर म्हणाला. "पुढची परीक्षा तर तुमच्या हातचा मळ आहे. मागच्या खेपेला खोटे दाखलेवाले गेले आणि आमचं नाक कापलं, म्हणून या वेळी त्यांचा फोरमन स्वतः येतोय. तो कागद बघतच नाही. पंधराव्या वर्षापासून गवंडी आहे म्हणे. खरा कारागीर कोण, ते त्याला लगेच कळतं."

"मग काळजीच मिटली," गवंडी म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

बायकोने कंबर कसली. त्या मुलीने फक्त बोटांचं सांगितलं होतं. बायको म्हणाली, "करायचंच तर अख्खा हात करू. नंतर हळहळ नको." सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात हात भिजवायचे, टाचा घासायच्या वजरीने तळव्यांचे घट्टे घासायचे, वरून मलम, आणि झोपताना मोजे. थापीच्या मुठीने अंगठ्याखाली बसलेला घट्टा सगळ्यात चिवट निघाला. लग्नात हात हातात दिला तेव्हाही तो टोचला होता, असं ती म्हणाली. तोही पंधरवड्यात गेला.

बाकी दिवसभर गवंडी नुसता बसून. बादली उचलायची नाही, भांडं विसळायचं नाही, ताटातला घाससुद्धा चमच्याने.

"जावईबापू, पाय वर घ्या," केर काढताना ती म्हणायची. तो हसायचा, पण त्याला आतून लाज वाटायची. इतकं निरुपयोगी त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

समोरच एक इमारत उठत होती. खिडकीतून त्याला दिसायचं, तिथला माणूस विटा न भिजवताच लावतोय. एक दिवस न राहवून तो पायात चपला सरकवून निघाला. बायको दारात आडवी उभी राहिली.

"नुसतं सांगून येतो गं."

"तुमचं सांगणं मला माहितेय. सांगता सांगता थापी हातात घ्याल. बसा."

तो येऊन बसला. लेकीने त्याचा तळवा आपल्या गालाला लावून पाहिला.

"बाबा, तुमचे हात अगदी आमच्या सरांसारखे झालेत. खडू तेवढा द्यायचा राहिलाय."

तिघेही हसले. बायकोने मलमाची दुसरी डबी उघडली.

महिन्याने तो पुन्हा त्या काचेपुढे उभा राहिला. बोटं ठेवली आणि हिरवा दिवा लागला. मुलगी खुर्चीतून अर्धी उठली आणि म्हणाली, "छान काळजी घेतलीत हो." बायको बाकावर बसून पदराने डोळे पुसत राहिली. एजंटचा निरोप आला होता की फोरमनची परीक्षा उद्याच सकाळी आहे. त्या संध्याकाळी गरज नसताना तिने सवयीने त्याच्या हातांना मलम लावलं. त्यानेही लावू दिलं.

परीक्षा एका मोठ्या शेडमध्ये होती. आत विटांचे ढीग, कालवलेला सिमेंटचा माल, ओळीने मांडलेल्या थाप्या. माल जरा पातळ झालाय, हे गवंड्याने लांबूनच ओळखलं. त्याचे हात शिवशिवायला लागले. बायको आणि लेक फाटकाबाहेर थांबल्या होत्या. लेकीने दोनदा हात हलवला.

रांगेतला एकेक जण दाराजवळच्या टेबलाशी फोरमनला भेटून आत विटांकडे जात होता. काही मात्र टेबलावरूनच मागे फिरत होते. खोटे दाखलेवाले असणार, गवंड्याने मनात म्हटलं. माणूस हुशार दिसतोय.

त्याची पाळी आली. फोरमन उठून उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला. त्याचा तळवा विटेसारखा खरखरीत होता. तो हातात घेताना गवंड्याला एकदम आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

फोरमनने हात सोडला नाही. तो उलटा केला. अंगठ्याखालची जागा दाबून पाहिली. मग दुसरा हात मागितला आणि तोही तसाच पाहिला. शेजारच्या दुभाष्याला काहीतरी बोलून त्याने यादीवर रेघ ओढली आणि मागच्या माणसाला पुढे यायची खूण केली.

"काय म्हणाले साहेब?" गवंड्याने विचारलं.

दुभाष्याने हसू दाबलं. "विचारताहेत, कुठल्या शाळेत शिकवता?"