रंगरावांचा खाडा

सोपानरावांनी आधी स्वतःची सही केली, इकडेतिकडे बघितलं आणि रंगरावांचीही करून टाकली. आज नववा दिवस होता. आता ती सही त्यांना खुद्द रंगरावांपेक्षा झोकात जमायला लागली होती.

थेरगावातल्या त्या बागेत रोज सकाळी सहाला चाळीसेक म्हातारे फिरायला येत. बहुतेक सगळे कारखान्यांतून निवृत्त झालेले. निवृत्त माणूस घड्याळ विसरतो म्हणतात. यांनी हजेरीचं मस्टरसुद्धा सोबत आणलं होतं. एका कंपनीच्या टाइम ऑफिसमध्ये जन्म काढलेले प्रभाकर ते बाकावर उघडून बसत. नियम एकच, पण कडक. सलग तीन दिवस कुणाचा खाडा पडला, तर चौथ्या दिवशी दोघांनी त्याच्या घरी जायचं आणि त्याला घेऊन यायचं. तीन दिवस चालणं चुकलं की पुढे ते कायमचंच सुटतं, असं प्रभाकरांचं म्हणणं.

"रंगराव दिसले नाहीत?" प्रभाकरांनी चष्म्यावरून विचारलं.

"मागं हाईत. सावकाश चालत्यात."

"चालू द्या. उद्या वर्ष पूर्ण होतंय त्यांना. एकही खाडा नाही! शाल आणून ठेवलीय मी."

प्रभाकरांचा डोळ्यांपेक्षा कागदावर जास्त भरवसा. त्यांनी मागे वळून बघितलंही नाही.  सोपानराव मात्र एकही फेरी न मारता बागेच्या फाटकाबाहेर पडले.

पहिल्या दिवशी त्यांनी फोन केला होता. पाय मुरगळलाय, उद्या-परवा येतो, असं रंगराव म्हणाले होते. सोपानरावांनी लगेच त्यांची सही ठोकली. चाकणच्या कारखान्यात दोघं बावीस वर्षं एकाच प्रेस मशीनवर होते, आणि एकाला उशीर झाला की दुसऱ्यानं त्याचं कार्ड पंच करायचं, हे ठरलेलं. दोस्ताची हजेरी बुडू द्यायची नाही. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही दिवशी तेच. सही केली की दोस्तासाठी काहीतरी केल्यासारखं वाटायचं, आणि मग फोन करायचा राहून जायचा.

रंगरावांच्या घराचं दार त्यांच्या बायकोनं, कस्तुरावहिनींनी, उघडलं. रंगराव खिडकीशी खुर्चीत बसले होते. अंगावर शाल नव्हे, गोधडी. दाढी वाढलेली.

"पाय कसा हाय?"

"पायाला काय धाड भरलीय," वहिनीच बोलल्या. "तिसऱ्या दिवशीच बरा झाला. पण न्हाणीत पडल्यापासनं भ्या बसलंय मनात. एकट्यानं जिना उतराय तयार न्हाईत. मी म्हटलं मी येते, तर म्हणत्यात, बायकूचा हात धरून जाऊ व्हय बागंत? साखर तीनशेवर गेली परवा. वरीसभर चालून आणली हुती खाली."

सोपानराव खुर्चीच्या कडेवर टेकले.

"चौथ्या दिवशी पहाटं उठून बूट घालून बसले," वहिनी सांगत होत्या. "म्हटले, आज दोघं येत्यात न्यायला. मी चार कप चहा ठिवला. आठ वाजले, कुणी न्हाई. दुसऱ्या दिवशी परत बूट. तिसऱ्या दिवशी परत. काल पुसले आन् टाकले कपाटावर."

रंगराव खिडकीबाहेर बघत होते. तसंच बघत त्यांनी विचारलं, "किती खाडे लागले रं माझे?"

खोटं बोलायची सोपानरावांची हिंमत झाली नाही.

"एकबी न्हाई."

"म्हंजी?"

"सह्या मी केल्या, रंगा. उद्या तुला शाल देणार हाईत."

रंगरावांनी मान वळवली. 

"म्हंजी मी रोज बागंत येत हुतो," ते म्हणाले. "आन् मला वाटलं, तुमी मला वगळलं. म्हातारा झाला, मेला तरी चालंल, असं वाटलं बघ मला."

सोपानरावांचे डोळे भरून आले. त्यांनी खिशातून फोन काढला आणि प्रभाकरांना लावला.

"साहेब, रंगरावांचे नऊ खाडे लावा. सह्या माझ्या हुत्या. आन् माझा बी आजचा लावा."

पलीकडे मस्टरची पानं उलटल्याचा आवाज आला. मग प्रभाकर म्हणाले, "म्हणजे आम्ही चौथ्या दिवशीच यायला हवं होतं." आणि त्यांनी फोन ठेवला.

सोपानरावांनी हात वर करून कपाटावरचे बूट काढले. आत कागदाचे बोळे कोंबलेले होते, ते काढले आणि बूट रंगरावांच्या पायांशी ठेवले. रंगरावांनी ते पायानंच जरा बाजूला सारले.

"नेम दोघांचा हाय. तू एकटाच आलास."

"आता दुसरा कुठनं आणू?"

 रंगरावांचे पाय मात्र पुन्हा बुटांच्या जवळ आले होते.

स्वयंपाकघरातून गॅस बंद केल्याचा आवाज आला. पदराला हात पुसत कस्तुरावहिनी बाहेर आल्या, दाराशी गेल्या आणि पायांत चपला सरकवून उभ्या राहिल्या.