कुंकवाचा काठ

धाकट्या लेकीचं, हिराचं लग्न झालं ते १९९६ साल. नवरीला घेऊन निमगाव सावाहून डिंगोऱ्याला निघालेली सावळारामाची पिकअप आळेफाट्यावर थांबली, ती खाली ऑइलची धार सोडत. मिस्त्रीने गाडीखाली शिरून इंजिनाचं तेलाचं चेंबर सोडलं आणि त्याच्या काठावरचं, गळती अडवणारं पॅकिंग बाहेर काढलं; ते फाटलं होतं.

"नवं आज नाय मिळायचं, पावणं. दुकानं बंद हायती."

मुहूर्त दुपारचा. सावळाराम सारखा घड्याळ बघू लागला.

तेवढ्यात त्याची बायको साळुबाई पुढे झाली. तिने आहेराच्या साडीतला पुठ्ठा काढला, चेंबरच्या तेलकट काठावर बोटाने कुंकू फिरवलं आणि तो काठ पुठ्ठ्यावर दाबला. बोल्टांच्या भोकांसकट लाल काठ उमटला. मग तिने मिस्त्रीची कात्री मागितली.

"अगं, ही काय चोळी हाय व्हय?" सावळाराम म्हणाला.

"गळती थांबवायचीय ना? काठाला काठ बसला म्हंजे झालं."

ब्लाउजचा गळा कापावा तशी कात्री फिरली. सावळाराम देवळात बघावं तसा तिच्या हातांकडे बघत राहिला.

अक्षता वेळेवर पडल्या.

"पुठ्ठाच तो, आठ दिवस चालंल," मिस्त्री म्हणाला होता. पुढे किती जणांनी सांगितलं, तरी सावळारामाने ते पॅकिंग बदलू दिलं नाही. अजूनही रोज सकाळी तो वाकून गाडीखालची जमीन बघतो. ती कोरडीच असते.

साळुबाई २००३ च्या श्रावणात वारली.