मास्तरांचे पाच शब्द

"बोलू नका, गा," बाई म्हणाल्या. "डाव्या हातानं टेबलावर ठेका धरा आणि एकेक शब्द त्यावर सोडा."

मास्तरांनी बोटं आपटली. तोंडातून नुसता घोगरा हुंकार आला.

चाळीस वर्षं ब्लूज वाजवणाऱ्या या गिटारवादकाची वाचा आणि उजवा हात पक्षाघाताच्या एका झटक्यानं नेला होता. सहा महिन्यांनी त्यांचा अल्बम आला आणि वर्षातला सर्वोत्तम ठरला. पुरस्कार घ्यायला तीन आठवड्यांनी जायचं होतं. बाईंचं कामच मुळी अशा माणसांना पुन्हा बोलतं करायचं.

"रेकॉर्डिंग झटक्याआधीच उरकलं होतं, हे नशीब," त्या म्हणाल्या.

"हो, नशीबच," शेजारी बसलेली मुलगी म्हणाली. "बाबा, कशाला जिवाला त्रास? ट्रॉफी घ्या, हात हलवा, खाली या. फार तर 'आभारी आहे' म्हणा."

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. डाव्या हातानं वहीत वेडंवाकडं खरडलं, पान फाडून बाईंना दिलं आणि मुलीला दार दाखवलं.

ती गेली. बाईंनी पान वाचलं. पाचच शब्द. त्या जरा वेळ बंद दाराकडे बघत राहिल्या.

"नक्की हेच म्हणायचंय?"

मास्तरांनी टेबलावर मूठ आपटली.

मग रोज दुपारी तेच. पहिला शब्द चौथ्या दिवशी फुटला. तिसरा आला तेव्हा पहिला पळाला. एकदा चिडून त्यांनी पेला भिरकावला, मग एका हातानं काचा वेचल्या आणि पुन्हा ठेका धरला.

"तुमच्या हट्टापुढे दगडालाही कंठ फुटेल," बाई म्हणाल्या. मास्तर अर्ध्या ओठानं हसले.

मुलगी बाहेर बाकावर कान टवकारून बसायची. ठेका ऐकू यायचा, शब्द नाहीत. घरी जाताना विचारायची, "आभारच ना, बाबा?" मास्तर खिडकीबाहेर बघायचे.

समारंभाला तिनंच त्यांना धरून मंचावर नेलं. ट्रॉफी मास्तरांनी तिच्याकडे दिली. टाळ्या ओसरल्या.

"नुसते आभार, बाबा," ती पुटपुटली.

मास्तरांनी माइकच्या दांड्यावर डाव्या बोटांनी संथ ठेका धरला. लोकांना वाटलं, गाणं सुरू झालं. मागून कुणी टाळीची साथ दिली.

त्या ठेक्यावर एकेक शब्द सोडत मास्तर गायले, "वाजवलं... मी... नाही. माझ्या... लेकीनं."