बँड का सोडला

सांगून पटायचं नाही कुणाला, पण एकाहत्तर साली एका इंग्लिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडमध्ये मी एकटा सात वाद्यं वाजवायचो. तोंडाला माउथऑर्गन, हात ऑर्गनवर, पाय बासच्या पेडलवर. एकेक गाणं बावीस मिनिटांचं. मधल्या वेळात ड्रमर चहा पिऊन यायचा!

लंडनच्या स्टॅनमोर भागातल्या आमच्या घरी जेवायला आलेला अनुप खो खो हसला. "काका, थापा पुरे! मग सोडलंत कशाला?"

"कंटाळलो. आता पस्तीस वर्षांनी त्यांचं पत्र आलंय, पुन्हा एकत्र वाजवू या म्हणून. नकार कळवणार आहे. हौस फिटली माझी."

"खोटं!" स्वयंपाकघरातून आमची रंभा ओरडली.

"बघा, काकूसुद्धा म्हणतायत!"

"सात वाद्यं खरी आहेत रे." ती हात पुसत बाहेर आली. "कंटाळले, हे खोटं. अमेरिकेच्या दौऱ्यासाठी भरलेली बॅग आदल्या दिवशी रिकामी केली यांनी. मी नवी नवरी, इंग्रजीचा शब्द येत नव्हता, एकटी कशी राहू म्हणून रडत बसले होते. त्या पत्राला मी कालच उत्तर टाकलंय, हे येतायत म्हणून. इंग्रजीत."