डावी पाकळी

यंदा बायोलॉजी, केमिस्ट्रीत मार्क घसरले आणि मेडिकल हुकलं. बाबांचं एकच पालुपद: “प्रश्न नीट वाचत नाहीस.” मी पुन्हा बारावीला बसायचं की नाही, हे आता देवी ठरवणार होती. गुरवमामांनी मूर्तीला ओल्या पाकळ्या लावून गाऱ्हाणं पुटपुटलं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. डावी पडली. “झालं,” बाबा म्हणाले, “पेडण्यात टायपिंगचा क्लास लाव.” एरवी मी रडले असते, आज विचारलं, “मामा, देवीला नक्की काय विचारलंत?” “ह्याच गो, चेडवान परत बारावी केल्यान, तर तिचा वर्स फुकट जायत काय?” “म्हणजे देवी म्हणते, फुकट जाणार नाही.” आई पदरात तोंड लपवून हसायला लागली. मामांनी दिलेली ती डावी पाकळी मी बाबांच्या हातावर ठेवली. “बाबा, आधी प्रश्न नीट वाचायचा असतो.”