मशीन गार होईपर्यंत

मशीनचा आवाज आधी बारीक झाला, मग चिरका, आणि मोहिनीच्या पाठीवरच ते बंद पडलं. तिनं खटका दोनदा दाबून पाहिला. काही नाही. गालिच्यावरची चमकी होती तिथंच राहिली.

अंबाजोगाईच्या त्या कॉलेजच्या सभागृहात तीन दिवस स्नेहसंमेलन चाललं होतं. शेंगांची टरफलं, पाकळ्या, चमकी, सगळं खुर्च्यांच्या पायांत अडकून बसलेलं. चार वाजता पाहुणे यायचे होते. मोहिनी आणि रतनबाई सकाळी सातपासून वाकलेल्या होत्या. दप्तरासारखं पाठीला लावायचं आणि हातातल्या नळीनं कचरा ओढायचा, असं हे मशीन ठेकेदारानं दोघींत एकच दिलं होतं.

रतनबाईनं ते तिच्या पाठीवरून उतरवून घेतलं. कमरेचा पट्टा नुसता लोंबत होता. मोहिनीनं तो बांधलाच नव्हता. सगळं ओझं खांद्यांवर घेऊन ती फिरत होती. रतनबाईची निम्मी उमर घाटनांदूरच्या माळावर मेंढरं राखण्यात गेलेली. तिनं एकदा पट्ट्याकडं पाहिलं, एकदा मोहिनीकडं.

"कितवा महिना?"

"सहावा," मोहिनी हळूच म्हणाली. "सांगू नका, मावशी. कामावरून काढून टाकतील."

रतनबाईनं मशीन उघडलं. आतली पिशवी अर्धीच भरली होती. जाळी झटकली, तीही तुंबलेली नव्हती. मग नळी काढून तिनं खिडकीकडं धरली, तर पलीकडचा उजेड दिसेना. पडद्याची तार आत घालून तिनं ओढली. गजऱ्याचा दोरा, केस, चमकी, असा मुठीएवढा बोळा बाहेर आला. नळी मोकळी झाली, पण मशीन काही सुरू होईना.

ते इतक्यात होणारही नव्हतं. हवा अडली की मोटार तापते, तापली की आपोआप बंद होते आणि अर्ध्या तासानं गार झाल्यावरच पुन्हा चालते. मशीन आणून देणाऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"आडवी हो जरा," रतनबाई म्हणाली.

मोहिनी खुर्च्यांच्या दोन रांगांमध्ये गालिच्यावरच पडली. पाय वर खुर्चीवर ठेवले. पाय सुजले होते. चपलेच्या पट्ट्यांचे वळ तसेच उमटलेले.

थोड्या वेळानं मुकादम शिवशरण आला. मंच, माइक, पाण्याचे जार, सगळं त्याच्याच मागं होतं. काम का थांबलं, त्यानं दारातूनच विचारलं. रतनबाईनं बोळा दाखवला, मोटारीचं सांगितलं. त्यानं घड्याळ पाहिलं, तोवर झाडू घ्या म्हणाला आणि गेला.

रतनबाईनं झाडू घेतला. तिच्या रांगा झाल्या, मग मोहिनीच्या वाटणीच्याही तिनंच धरल्या. दर दोन रांगांनी तिला कमरेवर हात ठेवून उभं राहावं लागत होतं. अर्धा तास केव्हाच उलटून गेला. तिनं येऊन मोटारीवर तळवा टेकवला. माठासारखी गार. मोहिनीला झोप लागली होती, तोंड किंचित उघडं. रतनबाईनं हात काढून घेतला आणि पुन्हा झाडू उचलला.

शिवशरण परत आला, या वेळी पार आतपर्यंत.

"झालं का न्हाई गार?"

"न्हाई," रतनबाई म्हणाली. "लई तापलं हाय."

तो वाकला आणि त्यानं स्वतःच मोटारीवर हात ठेवला. रतनबाईचा झाडू थांबला. त्यानं हात तसाच राहू दिला. तिथून खुर्चीवरचे ते दोन पाय दिसत होते.

"हाय की," तो म्हणाला. "अजून तापलेलंच हाय."

आणि जवळच्या खुर्चीत बसून त्यानं चपला काढल्या.